दुसऱ्याच्या नावाचं टपाल उघडलं तर गुन्हा नेमका कुठे होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात आधी राहून गेलेल्या माणसाच्या नावाची पत्रं येत राहतात, त्यातलं एक चुकून फोडलं गेलं. हा गुन्हा झाला का? पुढच्या पत्रांचं काय करायचं? आणि जोडीदार, मुलं, म्हातारे आईवडील यांची पत्रं उघडायचा हक्क घरच्यांना असतो का?

चुकून फोडलेलं पाकीट हा सहसा गुन्हा होत नाही. हातात गठ्ठा होता, नाव न बघता कडा फाडली, कागद बाहेर काढल्यावर कळलं की हे आपलं नाही. इथवर कायद्याची हरकत नसते. हरकत दोन ठिकाणी सुरू होते. एक, नाव वाचून, आपलं नाही हे ठाऊक असताना उघडलं तर. दुसरं, चुकून उघडल्यावर तसंच वाचत बसलं, ठेवून घेतलं किंवा फेकून दिलं तर. हे दुसरं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पाकीट फुटलं म्हणून घाबरतात आणि पुरावा नको म्हणून पत्र कचऱ्यात टाकतात. फाडणं ही चूक होती, फेकणं मात्र मुद्दाम केलेलं असतं.

वेगवेगळ्या देशांचे कायदे वाचले की तेच तीन प्रश्न पुन्हापुन्हा दिसतात. पत्र अजून टपालाच्या प्रवासात होतं का? उघडणाऱ्याला ते आपलं नाही हे माहीत होतं का? त्याचा हेतू काय होता? फरक पडतो तो कोणता देश कशाला जास्त वजन देतो यात.

अमेरिकेचा कायदा सर्वांत कडक वाचतो. संघराज्याच्या फौजदारी संहितेच्या शीर्षक १८ मधलं कलम १७०२ सांगतं की टपालयंत्रणेतून गेलेलं पत्र, ज्याच्या नावाने आहे त्याला मिळण्यापूर्वी, पत्रव्यवहारात अडथळा आणायच्या किंवा दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत डोकवायच्या हेतूने कोणी घेतलं, किंवा असं पत्र उघडलं, लपवलं, नष्ट केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तुमच्या पेटीत पडलं म्हणजे ते तुम्हाला मिळालं, असा अर्थ इथे होत नाही.

ब्रिटनच्या टपाल सेवा कायदा २००० मधलं कलम ८४ दोन परिस्थिती वेगळ्या करतं. प्रवासात असलेलं टपाल वाजवी कारणाशिवाय हेतुपुरस्सर उघडलं किंवा रोखलं, हा एक गुन्हा. चुकून तुमच्याकडे आलंय हे माहीत असताना, किंवा तशी रास्त शंका असताना, समोरच्याचं नुकसान करायच्या इराद्याने आणि वाजवी कारणाशिवाय उघडलं, हा दुसरा. दोन्हींना सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणजे दारात आलेल्या पाकिटाच्या बाबतीत तिथे नुकसानीचा इरादा सिद्ध व्हावा लागतो. ‘ब्रिटनमध्ये उघडलं तर चालतं’ ही समजूत यातूनच पसरली आहे आणि ती अर्धवट आहे. आतलं बँक कार्ड वापरलं किंवा मजकूर कोणाविरुद्ध वापरला की तो इरादा सिद्ध करणं फारसं कठीण उरत नाही.

फ्रान्समध्ये दंडसंहितेचं कलम २२६-१५ पत्र ‘पोचलेलं असो वा नसो’ असंच म्हणतं. वाईट हेतूने उघडणं, रोखणं किंवा वळवणं याला एक वर्ष कैद आणि ४५,००० युरो दंड. जर्मनीत कलम २०२ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, पण ज्याचा हक्क मोडला त्याने तक्रार केल्याशिवाय खटला चालत नाही. जर्मन कलमातला एक बारकावा मला फार नेमका वाटतो: पाकीट न फोडता एखाद्या तांत्रिक साधनाने आतला मजकूर जाणून घेतला तरी तो गुन्हाच. संरक्षण कागदाच्या पाकिटाला नाही, बंद ठेवण्याच्या इच्छेला आहे.

भारताची स्थिती अलीकडे बदलली आहे, आणि जुन्या कायद्यावर लिहिलेली उत्तरं अजून फिरत असतात. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात दुसऱ्याला मिळायला हवं असलेलं टपाल दाबून ठेवणं, इजा करायच्या हेतूने पत्र उघडणं, टपाल कर्मचाऱ्याने उघडणं किंवा रोखणं, असे वेगवेगळे गुन्हे होते. अल्पवयीन पाल्याचं पत्र उघडणाऱ्या आईवडिलांना आणि पालकांना त्यातून सूट होती. हा कायदा रद्द होऊन पोस्ट ऑफिस कायदा २०२३ हा १८ जून २०२४ पासून लागू झाला. नव्या कायद्यात राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी सरकारने टपाल अडवायची तरतूद आहे, पण जुनी गुन्ह्यांची कलमं त्यात आलेली नाहीत. त्यामुळे आता आधार उरतो तो भारतीय न्याय संहितेचा: चोरीसाठी कलम ३०३, मालमत्तेच्या अप्रामाणिक अपहारासाठी कलम ३१४. अपहाराला किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षं कैद, शिवाय दंड. सापडलेली वस्तू मालकाला परत देण्यासाठी जपून ठेवणं हा अपहार नाही. मालक कोण हे ठाऊक असताना किंवा शोधायचं साधन हाताशी असताना ती स्वतःसाठी वापरणं हा अपहार, असं स्पष्टीकरण कायद्यातच आहे. पाकिटावर तर नाव छापलेलंच असतं, त्यामुळे ‘मालक सापडला नाही’ हा बचाव टपालात जवळजवळ निरुपयोगी. मात्र कोणी पत्र उघडून नुसतं वाचलं आणि परत दिलं, तर ते या कलमांत बसवणं अवघड जाईल. कायद्यात इथे खरंच पोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, पण त्याचा मुख्य रोख सरकारकडे आहे, शेजाऱ्याकडे नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. आलेलं पाकीट आधी ओळखा, कारण प्रत्येक प्रकाराला वागणूक वेगळी आहे.

पत्ताच दुसरा असेल, शेजारचं घर किंवा त्याच नावाची दुसरी गल्ली, तर ती बटवड्यातली चूक आहे. अशा पाकिटावर पत्ता खोडू नका, ‘परत पाठवा’ लिहू नका. पत्ता बरोबरच आहे. ‘चुकीच्या घरी आले’ एवढी चिठ्ठी चिकटवून पोस्टमनकडे द्या किंवा पेटीत टाका. शेजारी ओळखीचा असेल तर हाती देणं सर्वांत सोपं, पण न उघडता आणि त्याच दिवशी. चार दिवस फ्रिजवर राहिलेल्या पाकिटात परीक्षेचं बोलावणं किंवा न्यायालयाची तारीख असू शकते.

पत्ता तुमचा, नाव आधीच्या रहिवाशाचं, हा सर्वांत नेहमीचा प्रकार. पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरात लिहा: ‘सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही, पाठवणाऱ्यास परत’. नाव आणि पत्ता वाचता येईल असा राहू द्या. इथे एक गोष्ट नेहमी बिघडते. यंत्राने छाननी होणाऱ्या टपालात पाकिटाच्या खालच्या कडेला किंवा पत्त्याजवळ उभ्या बारीक रेघांचा बारकोड छापलेला असतो. यंत्र तुमची सूचना वाचत नाही, बारकोड वाचतं, आणि पाकीट दोनतीन दिवसांत पुन्हा तुमच्याच दारी येतं. मग माणूस वैतागून उघडतो. तो बारकोड जाड पेनाने दोनतीनदा आडवा खोडला किंवा त्यावर कागदाची पट्टी लावली की पाकीट माणसाच्या हाती जातं. मोठ्या गठ्ठ्याने सवलतीच्या दरात पाठवलेली जाहिरातपत्रं बऱ्याच देशांत परत पाठवलीच जात नाहीत, टपालखातंच ती नष्ट करतं. त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. ‘अमुक किंवा सध्याचे रहिवासी’ असं लिहिलेलं पत्र मात्र तुमचंच आहे, खुशाल उघडा.

पत्रं तरीही थांबली नाहीत तर पाकिटाच्या मागचा पत्ता पाहून पाठवणाऱ्या संस्थेला कळवा. पाकिटाच्या खिडकीत संदर्भ क्रमांक दिसत असेल तर तो द्या; खिडकीतून सहज दिसणारं वाचणं हे उघडणं नव्हे. पाकीट हलवून, दाबून, उजेडासमोर धरून आणखी आकडे शोधत बसणं मात्र त्याच्या बरंच जवळ जातं. जुन्या रहिवाशाचा नवा पत्ता माहीत असेल तर त्यावर पुन्हा पाठवा, पण तो पत्ता पाठवणाऱ्या संस्थेला परस्पर सांगू नका. ती वसुली करणारी असू शकते, किंवा तो माणूस कोणापासून तरी लपून राहत असू शकतो. हा निर्णय त्याचा.

कर्जवसुलीची पत्रं येऊ लागली की भीती खरी असते: उद्या कोणी दारात येऊन आपलं सामान उचललं तर? या भीतीपोटी पाकीट फोडणं समजण्यासारखं आहे, आणि ब्रिटनसारख्या ठिकाणी ‘वाजवी कारण’ म्हणून मांडताही येईल. पण गरज क्वचितच पडते. पाकिटाच्या बाहेरच्या बाजूचा फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, पाठवणाऱ्याला लेखी कळवा आणि घराचा भाडेकरार किंवा वीजबिल तयार ठेवा. दारात आलेल्या माणसाला तेच कागद दाखवायचे असतात, आतलं पत्र नव्हे.

वेगळीच शक्यता: या घरात कधीच न राहिलेल्या नावाने बँकांची, कार्डांची, मोबाइल कंपन्यांची पत्रं यायला लागली, तर कोणीतरी तुमचा पत्ता वापरून खाती उघडत असण्याची शंका घ्या. अशी पाकिटं परत पाठवून गप्प बसू नका. प्रत्येक संस्थेला लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत ठेवा. इथेही उघडायची गरज नाही. न उघडलेलं पाकीट हाच तुमच्या बाजूचा चांगला पुरावा.

चुकून उघडलंच असेल तर लक्षात येताच वाचणं थांबवा. कागद ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत घाला. पारदर्शक चिकटपट्टीने फाटलेली कडा बंद करा आणि त्यावर ‘चुकून उघडले’ असं लिहून तारीख व सही करा. डिंक लावून न उघडल्यासारखं करायचा मोह टाळा. त्याने साधी चूक लपवाछपवी दिसू लागते, आणि आत काही कमी निघालं तर पहिला संशय तुमच्यावर. आत रोकड, धनादेश किंवा कार्ड असेल तर बंद करण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला तरी दाखवा, आणि पेटीत न टाकता टपाल कार्यालयात द्या. उघडलेल्या पाकिटाला काही ठिकाणी नवं टपालशुल्क लागतं, हेही तिथेच कळेल.

सही करून घ्यायच्या टपालाबाबत अधिक सावध राहा. शेजाऱ्यासाठी सही केलीत की ती वस्तू तुमच्या ताब्यात आली आणि पोचवण्याची जबाबदारीही. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम १५ प्रमाणे प्रतिवादी घरी नसेल, लवकर भेटण्याची शक्यता नसेल आणि त्याने कोणी मुखत्यार नेमलेला नसेल, तर समन्स घरातल्या प्रौढ सदस्याच्या हाती देता येतं. घरकामाला असलेला माणूस त्यात धरत नाहीत. म्हणजे घरच्यांना ते घ्यायचा अधिकार आहे. उघडायचा अधिकार त्यातून येत नाही, आणि ‘उगाच त्याला ताण नको’ म्हणून कपाटात ठेवायचा तर मुळीच नाही. उत्तर द्यायची मुदत समन्स घरात दिल्याच्या दिवसापासून मोजली जाते, आणि नुकसान त्याचं होतं ज्याला काहीच कळलेलं नाही.

घरातल्या नात्यांकडे येऊ. लग्नामुळे एकमेकांचं टपाल उघडायचा हक्क मिळतो, असं वर सांगितलेल्या एकाही कायद्यात नाही. फ्रान्समध्ये तर २०२० पासून हेच कृत्य जोडीदाराने केलं तर शिक्षा वाढते: दोन वर्षं आणि ६०,००० युरो. पाकिटावर दोघांची नावं असतील तर कोणीही उघडावं. एकाचंच नाव असेल तर संमती लागते, आणि ती बहुतेक घरांत न बोलता दिलेली असते: विजेचं बिल, शाळेचं पत्र, विम्याचा हप्ता. अडचण होते ती या सवयीचा अर्थ ताणला की. बिलं उघडू देणाऱ्याने डॉक्टरांचा अहवाल, वकिलाचं पत्र किंवा हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट उघडायला दिलेलं नसतं. आणि संसार मोडायला आला की ती जुनी संमती संपलेली धरावी, समोरच्याने तसं सांगितलं नसलं तरी. घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून जोडीदाराचं पाकीट फोडणाऱ्याला मी एवढंच सांगेन: आधी वकिलाला विचारा. कागदपत्रं हजर करायचा आदेश न्यायालयाकडून मिळवता येतो, आणि तसा मिळालेला कागद जास्त उपयोगी पडतो.

मुलांच्या बाबतीत पालकांना कायदे मोकळीक देतात, पण बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं सोळावं कलम मुलाच्या पत्रव्यवहारालाही संरक्षण देतं. लहान मुलाचं लसीकरणाचं पत्र उघडण्यात काहीच नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचं खासगी पत्र उघडायचं तर काही ठोस धोका दिसत असावा, आणि उघडल्यावर ते त्याला सांगावं. गुपचूप उघडून पुन्हा चिकटवलेलं पत्र मुलांना ओळखू येतं, आणि त्यानंतर पत्रं दुसऱ्याच्या घरी यायला लागतात.

म्हाताऱ्या आईवडिलांची पत्रं मुलं हाताळतात तेव्हा हेतू चांगला असतो, कागद मात्र नसतो. कुलमुखत्यारपत्र करताना ‘टपाल स्वीकारणे, उघडणे व उत्तर देणे’ हे शब्द स्पष्ट घालून घ्या; बँकेचे व्यवहार करायचा अधिकार म्हणजे पत्रं उघडायचा अधिकार असं आपोआप होत नाही. जर्मनीत न्यायालयाने नेमलेल्या काळजीवाहकालाही टपाल उघडायला आदेशात तसा स्पष्ट उल्लेख लागतो (नागरी संहितेचं कलम १८१५), आणि मला ती पद्धत योग्य वाटते. आई शुद्धीत आहे, फक्त नजर अधू आहे, तर पाकीट तिच्यासमोर उघडून वाचून दाखवा. तिला झेपत नाही ते वाचणं. ठरवणं अजून तिचंच आहे.

मृत व्यक्तीचं टपाल मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याकडे, तो नसेल तर वारसांकडे जावं. घरमालकाने किंवा शेजाऱ्याने उघडू नये. अंमलबजावणी करणाऱ्याने पहिल्या काही महिन्यांत काहीच फेकू नये: विमा, लाभांश, थकीत कर यांचा पत्ता अनेकदा एखाद्या कंटाळवाण्या पत्रातूनच लागतो.

कार्यालयात नियम उलट बाजूने सुरू होतो. पाकीट संस्थेच्या पत्त्यावर आलं की ते सहसा संस्थेचं. अमेरिकी टपालखात्याचा नियमही संस्थेच्या पत्त्यावर व्यक्तीच्या नावाने आलेलं टपाल संस्थेलाच देतो. तरीही ‘खासगी’, ‘गोपनीय’ किंवा ‘फक्त संबंधित व्यक्तीने उघडावे’ असं लिहिलेलं असेल तर आवक कक्षाने ते बंदच पुढे द्यावं आणि आवक नोंदवहीत ‘बंद पाकीट’ अशी नोंद करावी. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावाची पत्रं एका नेमलेल्या माणसाने दुसऱ्यासमोर उघडावी. पहिल्या दोन ओळींत खासगी असल्याचं दिसलं तर बंद करून त्याला पाठवावी. निविदेचं सीलबंद पाकीट मुदतीआधी चुकून उघडलं गेलं तर दोघांच्या सहीने लगेच सील करा, वेळ लिहा, वरिष्ठांना कळवा; लपवलेलं उघडं पाकीट अख्खी निविदा प्रक्रिया रद्द करायला पुरतं. पाकीट पत्रासोबत टाचून ठेवा, कारण मुदतीच्या वादात टपालखात्याचा तारखेचा शिक्का त्यावरच असतो.

पार्सलबाबत एक गोंधळ सतत दिसतो. न मागवता आलेला माल ठेवून घेता येतो, हे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये खरं आहे, पण तो तुमच्याच नावाने पाठवलेला असेल तरच. शेजाऱ्याने मागवलेलं आणि तुमच्या दारात टाकलेलं खोकं त्यात बसत नाही. खासगी कुरिअरने आलेलं असेल तर टपालाचा कायदा अनेक ठिकाणी लागूच होत नाही, चोरी आणि अपहाराची साधी कलमं मात्र लागतात.

कायद्याच्या पोकळीत काय करावं, हा नीतीचा भाग. नुसतं वाचून परत दिलं तर कोणाचं काय गेलं, असं विचारणारे एक विसरतात की पत्रात दोन माणसांचा विश्वास असतो. ज्याच्या नावे आहे तो कदाचित माफ करेल. ज्याने लिहिलं त्याने तुमच्यासाठी लिहिलेलं नसतं. वकिलांच्या व्यवसायात याचा चांगला पायंडा आहे: अमेरिकन बार असोसिएशनच्या नमुना नियम ४.४(ब) प्रमाणे चुकून पाठवलेला कागद मिळाल्याचं लक्षात आलं तर वकिलाने पाठवणाऱ्याला तातडीने कळवायचं असतं. विरुद्ध पक्षाशी भांडणाऱ्या माणसाकडून एवढी अपेक्षा असेल, तर घरात ती ठेवायला हरकत नसावी. जे कळलं ते दुसऱ्याला न सांगणं हा यातला कमीत कमी भाग.

कोणाच्या जिवाला धोका असल्याची खरी शंका असेल तर उघडण्याआधी पोलिसांना कळवणं शक्य आहे का ते बघा. तेवढाही वेळ नसेल तर साक्षीदारासमोर उघडा आणि का उघडलं ते तेव्हाच लिहून ठेवा. आणि स्वतः पत्र पाठवताना मागच्या बाजूला आपला पूर्ण पत्ता लिहा. ज्याच्यावर बाहेर परतीचा पत्ता नसतो आणि जे पोचतही नाही, ते पत्र शेवटी परत-टपालाच्या कार्यालयात जातं, आणि तिथले कर्मचारी पत्ता शोधण्यासाठी ते कायदेशीरपणे उघडतात.